सूर्यभानची खाऱ्या पाण्यातली बुडी

दर्यापूर-अकोला काळी-पिवळी जीप चालवणाऱ्या सूर्यभाननं एकदा का घसा मोकळा केला, की स्टँडवर झोपलेलं कुत्रंही उठून जीपमध्ये बसेल, असं लोक म्हणत. पण गडी खरा ओळखला जायचा तो पाण्यावरून. कोणाची घागर विहिरीत पडो की मोटर अडको, "सूर्यभानले बलाव" हे ठरलेलं. दम धरून तळाशी जायचा, हातानं चाचपायचा आणि वस्तू घेऊन वर यायचा. त्या गढूळ पाण्यात डोळे उघडून दिसणार होतं काय, डोंबल!

मग ती वाईट वर्षं आली. कापूस गेला, सोयाबीन गेलं, आणि घागरींऐवजी माणसं काढायची पाळी आली. ओळखीची माणसं. शेजारच्या पुंजारामला केसांना धरून वर आणलं, त्या दिवसापासून सूर्यभाननं पाण्यात पाय घातला नाही. पोरं पोहायला शिकवा म्हणून मागं लागली, तरी हा आपला जीप पुसत बसायचा.

कुर्बानला हे बघवेना. अकोल्याच्या जुन्या शहरात त्याचं पंक्चरचं दुकान, आणि लहानपणी दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. टीव्हीवर समुद्रातले मासे पाहिले आणि पठ्ठ्यानं ठरवूनच टाकलं.

"सूर्या, पाण्याखाली चांगलंबी काही असते, ते तुले दाखवतो. चाल!"

"कावून माह्या जिवावर उठला बे?"

"डिझेल मी टाकतो. आता बोल!"

जोडून सुट्टी आली तशी जीप निघाली. सोबत पानठेलेवाला गोवर्धन, पोट पुढं अन् माणूस मागं. सूर्यभानच्या बायकोनं, पार्वताबाईनं, भाकरी-ठेचा बांधून दिला आणि कुर्बानला दम भरला, "नेलं तसं वापस आणजा, भाऊ."

मालवणकडच्या एका खडकाळ किनाऱ्यावर प्रणाली नावाची पोरगी लोकांना पाण्याखाली नेत असे. होडी नाही, काही नाही. काठावरूनच चालत आत शिरायचं. गोवर्धनला रबरी पोशाखात कोंबताना तर सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली. पाठीवरची चेन काही केल्या बंद होईना.

"काका, पोट आत घ्या."

"घेऊनच राहिलो ना बाई! हे आतलंच हाय!"

पाठीवर हवेची टाकी, डोळ्यांवर काच आणि पायात बदकासारखे रबरी पाय चढवून तिघं उलट्या पावली कमरेएवढ्या पाण्यात गेले. सूर्यभान सारखा काठाकडं वळत होता, पण दोघांनी दोन बाजूंनी धरल्यावर पळणार कुठं? प्रणालीनं टाकीची नळी तोंडात दिली आणि बजावलं, "नियम एकच. दम धरायचा नाही. श्वास घेत राहा, सोडत राहा. दम धरलात तर छातीला इजा होईल, आणि मी तुम्हाला नेणार नाही."

झालं! जन्मभर ज्याचं नाव झालं ते दम धरण्यावर, त्यालाच हे सांगावं? डोकं पाण्यात गेलं की सूर्यभानची छाती आपोआप कुलूपबंद. पुन्हा केलं, पुन्हा तेच. प्रणाली बिचारी म्हणाली, "काका, तुम्ही काठावरच बसा." सूर्यभानला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच रडूच यायला लागलं. पाण्याशी आपलं कायमचं तुटलं, असं त्याला वाटलं.

"ओरड ना बे!" कुर्बान खेकसला. "स्टँडवर ओरडते तसा. नळी तोंडात ठेवून ओरड. ओरडता ओरडता दम कसा धरशीन?"

सूर्यभाननं डोकं बुडवलं आणि नळीतूनच सुरू झाला, "म्हैसांग, अकोला! चला बसा, बसा, एकच सीट!" वर बुडबुड्यांची नुसती उकळी फुटली. प्रणालीला हसू आवरेना, पण श्वास चालू होता. तिनं हाताला धरून त्याला आत नेलं. कुर्बान मागोमाग आलाच; गोवर्धन उथळ पाण्यातच डुंबत राहिला.

आणि काय सांगावं! दिसत होतं! खडकांच्या फटीफटीतून पिवळ्या पट्ट्यांचे मासे, पोळ्याच्या बैलासारखा रंगवलेला एक जाडजूड मासा, हलणारं गवत. सूर्यभान येड्यासारखा खूश झाला आणि समोर येईल त्या माशाला अकोल्याच्या जीपमध्ये बसवू लागला.

मग त्याला कुर्बान दिसला. एका खडकाच्या जरा वर पालथा तरंगत होता. हात लोंबकळत, पाय सैल, हालचाल काही नाही.

सूर्यभानची हाक तोंडातच राहिली. प्रणालीचा हात झिडकारून तो सरळ तिकडं गेला आणि कुर्बानच्या केसांना धरून त्यानं ओढलं.

कुर्बान वळला. काचेमागचे डोळे मोठ्ठे, वैतागलेले. मग त्यानं बोटानं खडकाकडं दाखवलं. खेकडा बघत होता, नालायक! आणि हसला, इतका की बुडबुड्यांत त्याचं तोंडच दिसेना.

प्रणालीनं दोघांना हळूहळू वर आणलं आणि चांगलंच झापलं. "सैल पडून राहा, असं मीच सांगितलं होतं त्यांना!" सूर्यभानला काही ऐकू येत नव्हतं. आजवर किती जणांचे केस या हातानं धरले, पण वळून बघितलं असं कोणीच नव्हतं. तो हसत होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"केसं सोड बे आता," कुर्बान कळवळला, "अगोदरच कमी हायेत!"

"नाई सोडत," सूर्यभान म्हणाला. "तू बोलत राय."