मामंजी जिथे थांबले

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिराला, पसारा बघवत नाही. दिवसभर कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसतात आणि घरी आले की सगळ्यांची ई-पुस्तकं लावत बसतात. कुणाच्या फोनवर पुस्तक उघडत नाही, कुणाच्या टॅबलेटवर जोडाक्षरं फुटतात. भाऊजी फॉरमॅट बदलून, मुखपृष्ठ चिकटवून, लेखकाचं आडनाव सुधारून देतात. नसती उठाठेव, असं मी म्हणायचे. माझं पुस्तक अडलं की हाक मात्र त्यांनाच मारायचे.

मामंजी गेल्यावर त्यांचा ई-पुस्तकं वाचायचा जुना रीडर सासूबाईंनी घेतला. मामंजींनी जे पुस्तक जिथे सोडलं होतं, तिथेच ते उघडायचं. सासूबाई तेवढं एक पान वाचायच्या. उलटायच्या नाहीत, कारण उलटलं की जागा बदलणार. हे मला माहीत होतं. भाऊजींना नव्हतं, त्यांनी कधी विचारलंच नाही.

रीडरच्या बॅटरीने मान टाकली, तेव्हा आईला चकित करायचं भाऊजींच्या मनात आलं. नवा रीडर आणला, सगळी पुस्तकं फॉरमॅट बदलून त्यात भरली, आणि जुन्यातलं सगळं पुसून तो दुकानात सुट्या भागांसाठी मोडला. करायला गेले एक अन् झालं भलतंच. सासूबाईंनी एक पुस्तक उघडलं, मुखपृष्ठ. दुसरं उघडलं, तेच.

"अरे, हे कुठे थांबले होते ते कुठे गेलं?"

भाऊजींचा चेहरा उतरला. पुस्तकं आली होती, खुणा जुन्या रीडरबरोबर गेल्या होत्या.

"शोधतो, आई," ते म्हणाले. शोधायला काही उरलंच नव्हतं. शेवटी प्रत्येक पुस्तकात अंदाजाने खूण घातली आणि "सापडल्या" म्हणून रीडर परत दिला. सासूबाई पुन्हा एकेक पान वाचू लागल्या.

भाऊजी मात्र आईच्या खोलीत जाईनासे झाले. तिला वाचताना पाहिलं की चोरासारखे मागे फिरायचे. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही. एका सकाळी माझ्यादेखतच त्यांनी बोलून टाकलं.

"आई, मी खोटं बोललो. त्या खुणा मीच घातल्यात."

"ठाऊक आहे रे," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "सगळ्या प्रकरण संपतं तिथे आहेत. तुला काही अर्धवट सोडवत नाही. ह्यांना वाक्याच्या मध्येच झोप लागायची."

भाऊजींनी रीडर हातात घेतला. काय दुरुस्त करावं, ते त्यांना पहिल्यांदाच कळेना.