नानांची बॅकप्लेट

त्या महिन्यात माझ्याशी कोणी धड बोलू शकत नव्हतं, कारण माझ्या डोक्यात एकच विषय होता: पाण्याखाली जाताना पाठीवर काय बांधायचं. चाळिशी ओलांडल्यावर मी स्कूबा डायव्हिंग शिकले, आणि तेही जळगावात राहून, जिथून समुद्र गाठायला अख्खी रात्र प्रवास करावा लागतो. तीन वर्षं भाड्याच्या जॅकेटवर काढली. ही जॅकेटं दांडग्या पुरुषांच्या मापाची. त्यात मी पोत्यात घातलेल्या मांजरासारखी दिसायचे, आणि पाण्यात सिलिंडर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे लोंबायचा. महिनाअखेरीस अंदमानला जायचं होतं आणि या खेपेला स्वतःचंच काहीतरी नेणार, असं मी ठरवलं होतं.

बॅकप्लेट म्हणजे पाठीवर बसणारी धातूची पाटी. तिच्यातून एकच लांब पट्टा खांद्यावरून, कमरेवरून ओवून घ्यायचा, म्हणजे ती आपल्याच मापाची होते. पाटी आणि सिलिंडर यांच्यामध्ये हवेची एक पिशवी असते, तिला विंग म्हणतात. बटण दाबून तिच्यात हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. एवढंच. पण एवढ्याशा गोष्टीत निवडायचं किती! विंग गोल घ्यायची की घोड्याच्या नालासारखी? चौदा किलो उचलणारी पुरेल की अठराची? पाटी पोलादी की ॲल्युमिनियमची? मी रोज एक ठरवायचे आणि दुसऱ्या दिवशी ते मोडायचे. भाजी फोडणीला टाकून मोबाइलवर चर्चा वाचायचे आणि भाजी करपायची.

शेवटी चौदा किलोची गोल विंग मागवली आणि पाटी पोलादीच, असं ठरवलं. पोलादाचं वजन पाठीवर असलं की बुडण्यासाठी कमरेला शिसं बांधावं लागत नाही. ही युक्ती मला इतकी आवडली होती की भेटेल त्याला मी ती ऐकवत होते. पण पोलादी पाटी कुठेच शिल्लक नव्हती. दुकानदार महिनाभर थांबा म्हणाले. मला महिनाभर थांबायला सांगणं म्हणजे माझा जीव टांगणीला लावणं.

मग नाना आठवले. नाना म्हणजे माझे वडील. वरणगावच्या फॅक्टरीत लेथवर उभं आयुष्य गेलं, आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग करत बसतात. माझं पाण्याखाली जाणं त्यांना मुळीच पसंत नव्हतं. तीन वर्षांत त्यांनी त्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. मी अंदमानचे फोटो दाखवायला लागले की ते उठून झाडांना पाणी घालायला जात. त्याचा मला राग यायचा आणि वाईटही वाटायचं. म्हणून मी कागदावर आकृती काढून नेली तेव्हा ते हो म्हणतील अशी आशा नव्हती. त्यांनी चष्मा लावून कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "कितीक दिवसात पाह्यजे?"

मी आनंदानं जळगावला आले. मला वाटलं, नानांनी परवानगी दिली.

पाटी आठ दिवसांत तयार झाली. पाठीला टोचू नये म्हणून नानांनी तिला रेक्झिनचं जाड आवरण शिवून घेतलं होतं. मी उचलून पाहिली, बरी जड लागली. मी पाइपच्या कारखान्यात तपासणीला आहे. आमच्याकडे वजन आणि जाडी मोजल्याशिवाय पाइप पुढे जात नाही, पण ही पाटी मी साध्या काट्यावरही ठेवली नाही. घाई! आणि नानांच्या हातची वस्तू, ती काय तपासायची?

कारखान्यातल्या एका मैत्रिणीचं चोपड्याकडे केळीच्या बागेत शेततळं आहे. तिथे सराव करायचा म्हणून पुण्याहून एकच भरलेला सिलिंडर भाड्यानं मागवला. मैत्रीण काठावर दोर धरून बसली. मी शिसं न बांधता उतरले, विंगमधली सगळी हवा सोडली आणि श्वास सोडून खाली जायची वाट पाहिली. गेलेच नाही. पुन्हा हवा भरून सोडली, पाय मारले, डोकं खाली घालून बुडी मारली. पाठीला कोणीतरी धरून वर खेचत होतं. अर्धा तास मी त्या तळ्यात बेडकासारखी धडपडत होते आणि मैत्रीण दोर सोडून हसत होती. माझं डोकं सणकलं.

बाहेर येऊन मी रेक्झिन टराटरा उसवलं. आत पत्र्याची दोन बोटं जाड पेटी होती. दोन पातळ पत्रे, मध्ये पोकळी, कडा चहूबाजूंनी झाळलेल्या. पट्ट्याच्या प्रत्येक फटीला, प्रत्येक भोकाला आतून नळी घालून वेगळी झाळणी, कुठूनही पाणी शिरू नये अशी. टिचकी मारली तर रिकाम्या डब्यासारखी वाजली. काम इतकं देखणं होतं की राग आणखीच वाढला. समुद्रात वीस मीटर खाली पाण्याच्या दाबानं ती पेटी चेपलीच असती.

आमच्याकडे पोरांना विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला रिकामा डबा बांधतात. मलाही नानांनी तसंच शिकवलं होतं. तेलाचा डबा त्यांनी स्वतः झाळून बंद केला होता.

मी तसंच वरणगाव गाठलं आणि पाटी त्यांच्या खाटेवर आपटली.

"तरंगली ना?" नानांनी विचारलं. चेहऱ्यावर केवढा आनंद!

"नाना, मला खाली जायचं असतं! तरंगायचं नसतं!"

"लोखंड बांधून पान्यात कोनी जातं का वं बाई?"

मी तावातावानं विंग काढली, तोंडानं फुगवली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. वर येण्याचं साधन हे आहे, पाटी नाही, असं दहादा सांगितलं. नानांनी मगभर साबणाचं पाणी मागितलं. मग झडपेला, शिवणीला, जोडाला बोटानं फेस लावून बुडबुडा येतो का ते पाहत बसले. मी येरझारा घालत होते.

"अन् हे फाटलं तं?"

"तर कमरेचं शिसं सोडून द्यायचं. हलकं झालं की माणूस वर येतो."

"तुह्याजवळ शिसं कुठी हाये? तूच तं म्हने, लोखंड असलं का शिसं लागत नाही. अन् हे लोखंड पाठीवरून सोडता येतं का?"

मी येरझारा थांबवल्या. पट्ट्यात ओवलेली पाटी ऐनवेळी सोडता येत नाही. बुडायचं सगळं वजन मी न सुटणाऱ्या जागी ठेवायला निघाले होते. शेकडो पानं वाचली होती, हा मुद्दा त्यांत होताही, पण माझ्या आवडत्या युक्तीच्या आड येत होता म्हणून मी तो वगळला होता. मला लाज वाटली.

"ॲल्युमिनियमची करायला हवी," मी म्हणाले. "हलकी. आणि थोडं शिसं कमरेला, सोडता येईल असं."

"पोकय नको ना?"

"नको. सरळ पत्रा. ती बुडेल, नाना. बुडायलाच हवी."

नानांनी विंगमधली हवा हळूहळू सोडली, तिची घडी घातली आणि माझ्याकडे दिली. निघताना मी हाक मारली तरी ते शेडमधून बाहेर आले नाहीत. पुढचे चार दिवस फोन नाही. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पाटीची काळजी होती, पण त्याहून जास्त ही होती, की यावेळीही त्यांचा होकार नसताना निघून जावं लागेल आणि ते कायमचं आमच्या मध्ये राहील.

पाचव्या दिवशी सकाळी नाना स्वतःच एसटीनं जळगावला आले. पिशवीतून ॲल्युमिनियमची पाटी काढली. कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या, पण वर आवरण नव्हतं.

"रेक्झिन नाही लावलं?"

"नको. उघडी राहू दे. काय हाये ते दिसलं पाह्यजे."

त्यांनी पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि पेल्यात पाहत म्हणाले, "घरच्या टाकीत टाकून पाह्यली. तीनदा. तिन्ही खेपा सरय तयाले गेली. मीच हात घालून काढली." त्यांनी पेला खाली ठेवला. "आता जाय."

मी पाटी मांडीवर घेऊन त्यांच्यासमोर बसून राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, की चार दिवस उशिरा निघावं.