कुलूप लागलेली घरं

आधीच सांगून ठेवतो — भूतखेत, करणी, देवऋषी यातलं मी काही मानत नाही. आमच्याकडं ज्यांच्या अंगात यायचं, त्यांना मी तोंडावर ढोंगी म्हणायचो. तेव्हा कॉमेंटमध्ये मला ज्ञान पाजळू नका. घडलं तेवढंच लिहितो.

दुष्काळाचं साल होतं. शहर चहूबाजूंनी फुगत होतं आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी. मी जालना रोडवरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होतो. काम होतं सरकारी टँकर वाटपाचं — कुठल्या वस्तीला टँकर द्यायचा, ते प्रोग्रॅम ठरवणार. दहा घरं असली तर द्यायचा, कमी असली तर नाही.

डिझाइन काढताना सरांनी विचारलं, कुलूप लागलेलं घर मोजायचं का? सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण मी कन्नड तालुक्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. मी ऐटीत म्हणालो, "नाय मोजायचं. लोक खोटी घरं दाखवतात." आमचीच माणसं कुलूप लावून आठ-आठ महिने मेंढरांमागं जातात, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण शहाणपणा मिरवायचा होता. त्याच नियमानं गावोगाव मोजणीही सुरू झाली, प्रोग्रॅम मागून येणार होता.

आमच्याकडं एक टूल होतं. डिझाइन वाचून ते टेस्टिंगसाठी खोटा डेटा आपोआप बनवायचं. मर्यादा दहाची, म्हणून नऊ, दहा आणि अकरा घरांच्याच वस्त्या काढायचं. नावंही नुसती — वस्ती १, वस्ती २, वस्ती ३. एक दिवस भर दुपारी नऊ घरांच्या ओळीत आलं... 'माळावरची वस्ती, सखूबाई.'

सखूबाई माझी चुलती. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. माळावर आमच्या भावकीची बारा घरं.

माझं डोकंच सटकलं. शेजारी रिझवान बसायचा, शहागंजचा, लई थट्टेखोर. त्याची कॉलर धरली. तो शांतपणे म्हणाला, "भाई, तेरी चाची का नाम मेरेको क्या मालूम?" खरंच, ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. मी ओळ पुसली, टूल पुन्हा चालवलं. माळावरची वस्ती, घरं सात. सात हा आकडा टूल काढूच शकत नव्हतं! रागारागानं पुन्हा पुसली. घरं चार. पुन्हा पुसली. घर एक.

मग मात्र टूल बंद केलं. चुलतीला फोन लावला, उचलला नाही. मिळेल ती एसटी धरून कन्नड, तिथून जीप. पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अकरा दारांना कुलपं. बाराव्या दारात चुलती बसलेली, शेजारी रिकामी घागर.

तिनं सगळं सांगितलं. तीन घरची माणसं आधीच कुलपं लावून मेंढरांमागं गेली होती. मोजणीवाले आले, नऊच घरं म्हणाले, टँकर नाकारला. मग पाण्यावाचून एकेक घर हललं. शेवटची तीन घरं त्याच दुपारी निघाली होती.

"कुलूप लावलं म्हंजी घर मेलं, असा नेम कुन्या शान्यानं काढला रं?" तिनं विचारलं.

"मी," म्हणालो. पुसलेल्या ओळींचंही सांगितलं. तिनं रिकामी घागर उचलून आत ठेवली. बाराव्या दाराला कुलूप मीच लावलं आणि तिला चितेगावला माझ्या खोलीवर आणलं.

पुढं रिझवाननं आणि मी टूल उलटंपालटं करून पाहिलं. ते नाव कुठंच नव्हतं, तो सातचा आकडा निघायला वाट नव्हती. योगायोग म्हणायचं तर म्हणा.

चुलतीला असल्या शोधाची गरज वाटली नाही. एकदाच बोलली, "वस्ती तुला हाका मारीत व्हती. तू पुसत बसला."

ती अजून माझ्याकडंच असते. दोन वेळा भाकरी करून घालते. पण माझ्या हातचं पाणी घेत नाही. मी तांब्या पुढं केला की उठते, गुडघे धरत माठापाशी जाते आणि स्वतःचं स्वतः ओतून घेते.