तडकलेले टोमॅटो

आळे गावाजवळ मित्राच्या शेतावर टोमॅटोची तोडणी चालू होती. बांधावर बसून एक बाई माल निवडत होत्या. पन्नाशीच्या असतील. बोलायच्या शेजारणीशी, पण हात चुकत नव्हता. कडक, अर्धवट रंगलेला टोमॅटो क्रेटमध्ये जायचा, पिकून तडकलेला मागे गोणपाटावर.

जेवायला बसताना त्यांनी मलाही हाक मारली. सकाळी त्यांच्या घरी दूध नासलं होतं. ते फडक्यात बांधून आणलं होतं, दुपारपर्यंत त्याचं मऊ पनीर झालं होतं. ताटात त्यांनी काकडी आणि पिवळी ढोबळी मिरची विळ्याने चिरली, कांदा बुक्कीने फोडला, कोथिंबीर हातानेच तोडली. मग गोणपाटावरचे टोमॅटो घेतले.

पाहुण्याला टाकाऊ माल? मला जरा लागलंच. मदत करतोय असं दाखवत मी क्रेटमधला एक गुळगुळीत टोमॅटो पुढे केला.

त्यांनी तो घेऊन परत क्रेटमध्ये ठेवला.

"ते खायाला न्हाईत, पावणं. ते लांब जायाला तोडल्यात. येलावर पिकल्यालं फुटतंच, पण त्याला लई गोडी."

वरून पनीर कुस्करलं, मीठ टाकलं, ताट माझ्याकडे सरकवलं. गोडी खरंच होती.

त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

पुण्यातला आमचा भाजीवाला सज्जन माणूस आहे. माझ्या पिशवीत चुकून तडकलेला टोमॅटो गेला, तर स्वतःहून काढून घेतो आणि कडक बदलून देतो. मी त्याला थँक्यू म्हणतो.