वस्तादांची अंगठी

आमच्या तालमीत कुस्ती शिकवणाऱ्या वस्तादांनी हात हातात घेतला, की माझा पंजा मनगटापर्यंत गायब व्हायचा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. चाळिशी उलटली तरी त्यांचे हात, पाय, जबडा वाढतच होते आणि आम्ही सगळं श्रेय म्हशीच्या धारोष्ण दुधाला देत होतो. बोटात रुतलेली अंगठी त्यांना सोनाराकडून कापून घ्यावी लागली, तेव्हा तर आम्ही पेढे वाटले.

पुढं त्यांना डोळ्यांच्या कडेचं दिसेना. रक्त तपासलं, तर वाढीचं हार्मोन भरमसाट निघालं. मेंदूच्या तळाशी गाठ होती. डॉक्टरांनी ती नाकातून काढली.

परत आल्यावर वस्ताद आखाड्यात उभे राहून गरजले, "ह्या पंज्यांचं लई कौतुक केलंसा. ते दुधानं न्हाय, डोक्यातल्या गाठीनं वाढलं हुतं. कळलं न्हवं?" मान ताठच होती.

तेव्हापासून रामरामाच्या आधी त्यांचा हुकूम सुटायचा, "पावणं, अंगठी काढून दाखवा की!" लोक हसायचे. वस्ताद हसायचे नाहीत. माझी अंगठी सरकन निघाली, की मगच पाठीवर थाप पडायची, "जा, दूध पी जा आता."