भूलवाल्या बाई

"पंजा नको. एका बोटानं दाखवा," बाई म्हणायच्या.

कंबर धरून आलेला माणूस आधी सगळ्या पाठीवरून हात फिरवायचा, मग मांडीवरून, मग मानेकडं जायचा. बाई हात मागं बांधून बघत राहायच्या. शेवटी ते बोट घुटमळत एका जागी टेकायचं. तिथं अंगठा दाबून बाई म्हणायच्या, "हं. सापडलं." माणूस कळवळायचा, पण त्याच्या तोंडावर समाधानही दिसायचं. आपलं दुखणं कुणाला तरी सापडलं, एवढ्यानंच निम्मं हलकं वाटतं. तुम्हीही कधी कंबर धरून बसला असाल तर तुम्हाला हे सांगायला नको.

सांगलीच्या त्या इस्पितळात बाई भूल द्यायला होत्या. एकोणीसशे सत्तर उलटून थोडेच दिवस झाले होते. मी व्यायामोपचार शिकून नुकतीच तिथं लागले होते. ते काम काय असतं हे कुणालाच ठाऊक नसल्यानं पेशंट मला 'मालिशवाल्या ताई' म्हणत आणि त्यांना 'भूलवाल्या बाई'. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या सुती पातळातल्या. ऑपरेशनच्या टेबलाशी त्या पेशंटच्या उशाला बसत आणि भूल देताना त्याच्या बैलांची नावं विचारत. दुसऱ्या बैलापाशी माणूस झोपलेला असे. एकदा एकानं, "बैल न्हाईत बाई, म्हशी हायत," म्हणून सात म्हशी सांगितल्या आणि तरीही तो जागाच. बाई शांतपणे म्हणाल्या, "रेडकं किती?"

त्या काळी पाठीचं दुखणं म्हणजे एक तर ओढ बसावी म्हणून पायाला विटा बांधून महिनाभर पडून राहायचं, नाहीतर कापून घ्यायचं. बाईंनी मधली वाट धरली होती. माकडहाडाच्या टोकाशी लांब सुई घालून, सुजलेल्या नसेपर्यंत औषध पोचवायचं. त्याआधी औषधाची बाटली त्या बराच वेळ मुठीत धरून ऊबदार करत. आमचे मोठे सर्जन हसून म्हणायचे, "बाई, तुम्ही माझी गिऱ्हाइकं पळवताय." पण आपल्याकडचे पेशंट तेच त्यांच्याकडं पाठवायचे.

दिनकर असाच आला. पाटणकडचा. सैन्यात ट्रक चालवून परतलेला आणि आता एसटीवर ड्रायव्हर. कोयनानगरवरून घाट उतरून चिपळूणला जाणारी गाडी त्याची. उजव्या पायात कमरेपासून करंगळीपर्यंत कळ जायची. जीपमधून आडवा घालून आणलेला हा धिप्पाड गडी कूस बदलताना लहान मुलासारखा रडायचा. सर्जन म्हणाले, मणक्यातली गादी सरकलीय, बहुधा कापावं लागेल. बाई म्हणाल्या, आधी सुई देऊन बघू.

अडून बसली ती त्याची बायको, हौसाबाई. "सुई नगं. आमच्या भावकीतल्या एकाचं पाय गेलं कंबरंत सुई घातली तवा."

बाई तिच्याशेजारी फरशीवर मांडी घालून बसल्या. "ही सुई गादी जागेवर नेत नाही. नसेची सूज उतरवते. बाकीचं काम अंगाला करू द्यायचं."

"आन् न्हाई उतरली तर? कापनार?"

हौसाबाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. बाईंनी तिचा हात धरला. "नाही कापावं लागणार यांना. मी सांगते ना."

सुई देताना हौसाबाईला आत थांबू दिलं. नवऱ्याचे दोन्ही पाय धरून ती उभी होती. चार दिवसांनी दिनकर उठून बसला. आठवड्यानं भिंतीला धरून चालला. मी व्यायाम शिकवले. तो ते कवायतीसारखे, स्वतःलाच हुकूम सोडत करायचा. वॉर्डातले बाकीचे पेशंट दुखणं विसरून हसायचे. जाताना हौसाबाईनं बाईंच्या पायावर डोकं ठेवलं.

पावसाळा सरल्यावर तो परत आला. तपासून, गाडीवर जायला हरकत नाही, असा दाखला हवा होता. चेहरा फुललेला. "बाई, दुखायचं बंद झालं बगा. लय बेस हाय. एकदम थांबलं."

"एकदम?"

"व्हय. परवा लय दुखलं आन् कालपास्नं कायच न्हाई."

बाई हसल्या नाहीत. "टाचांवर चालून दाखवा."

डावी टाच नीट पडली. उजवं पाऊल मात्र फरशीवर फटफट आपटत गेलं. ते वर उचललंच जात नव्हतं. दिनकर म्हणाला, "चप्पल नवी हाय." पायात चप्पल नव्हतीच. ती दारात काढलेली होती.

बाईंनी मला बाहेर पाठवलं नाही, फक्त आवाज खाली आणला. "लघवीला कसं होतंय?"

तो भिंतीकडं बघत म्हणाला, "कालपास्नं थांबून थांबून."

"ब्रेकचा पाय कुठला तुमचा?"

त्यानं उजवा पाय मागं ओढून घेतला. खोलीत आम्ही तिघं होतो आणि तिघांच्याही डोळ्यांसमोर तो घाट उभा राहिला असावा.

"आजच ऑपरेशन करावं लागेल," बाई म्हणाल्या. "नस मरायला लागलीय. दुखणं त्यामुळं थांबलंय."

"तुमी शब्द दिला हुता." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "हौसाला तुमी सांगितलं हुतं, कापनार न्हाई म्हणून."

"दिला होता," बाई म्हणाल्या. "द्यायला नको होता. मला तेवढं कळत नव्हतं आणि मी बोलून बसले. पण आज ऐका माझं."

त्यानं ऐकलं; बाहेर बसलेल्या हौसाबाईनं रडत संमतीच्या कागदावर अंगठा दिला म्हणून. टेबलावर बाई त्याच्या उशाशी बसल्या. बैल विचारले नाहीत. "पाटण सोडलं की पुढं कुठं थांबते गाडी?" त्यानं डोळे मिटून घेतले. बाई थांबल्या. बऱ्याच वेळानं तो पुटपुटला, "कोयनानगर." "मग?" "मग घाट..." आणि झोपला.

मोठी जोखीम टळली. लघवी सुरळीत झाली, पायात बरंचसं बळ आलं. सगळं नाही. पाऊल जरासं घसटत राहिलं आणि गाडी सुटली ती सुटलीच. डेपोत त्याला टायरांच्या गोदामात बसवलं. जाताना तो सर्जनच्या पाया पडला, मला "येतो ताई" म्हणाला. बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांच्या समोरून तो मान वळवून गेला. हौसाबाई थबकली, पण नवरा पुढं गेलेला पाहून तीही गेली.

त्यानंतर बाईंनी सुया दिल्याच. पुष्कळ माणसं चालत घरी गेली. पण शब्द कुणाला दिला नाही. नातेवाइकांनी कितीही विचारलं तरी एवढंच म्हणायच्या, "बघू. मी इथंच आहे."

निवृत्त होऊन त्या साताऱ्याला बहिणीकडं राहायला गेल्या. आयुष्यभर टेबलावर वाकून वाकून त्यांचीच मान धरली होती. मी माहेरी जाताना त्यांच्याकडं उतरत असे, मान शेकून देत असे. शेवटच्या खेपेला त्या सतरंजीवर उताण्या पडल्या होत्या. मी त्यांचं डोकं दोन्ही तळव्यांत घेऊन हलकेच ओढ देत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "दिनकर दिसतो का गं कधी?"

"दिसतो. परवाच स्टँडवर दिसला."

"बोलला काही?"

खोटं बोलायचं माझ्या मनात येऊन गेलं. पण त्यांचं डोकं माझ्या हातात होतं. "माझ्याशी बोलला. तुमचं नाव काढल्यावर गप्प झाला."



"चालतो ना पण?"

"चालतो. धाकट्या लेकीला खांद्यावर घेऊन चालला होता."

"मग राहू दे राग," बाई म्हणाल्या. "चालत्या माणसाला झेपतो तो."

त्यांनी डोळे मिटले. त्या हिवाळ्यातच त्या गेल्या, हे मला पुढं कळलं. त्या दुपारी एवढंच जाणवलं, की मानेतला ताठा हळूहळू सुटतोय आणि डोकं माझ्या हातात जड होत चाललंय. त्यांना झोप लागली होती. मी हात काढले नाहीत.