हीट पंपासमोरचे देव

त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. इथं परदेशात, रिकार्टनच्या आमच्या घरात खोली गरम करणारा हीट पंप जमिनीलगत आहे. पुण्याहून आलेल्या आईनं नेमका त्याच्यासमोर देव्हारा मांडला आणि आम्ही कुडकुडायला लागलो. दुरुस्तीला आलेल्या बाईंनी बूट दारातच काढले. उदबत्तीच्या काजळीनं बुजलेला फिल्टर धुऊन, पुसून बसवला.

"ऊब सगळी देवांनाच मिळतेय," त्या हसून म्हणाल्या. पण देव्हाऱ्याला हात लावला नाही. आईनं तो कोपऱ्यात हलवेपर्यंत शांत उभ्या राहिल्या.

खोली तापली. निघताना, बुटांच्या नाड्या बांधून झाल्यावर, त्यांना निरांजनाची ज्योत फडफडताना दिसली. मी "राहू दे" म्हणेपर्यंत त्यांनी बूट पुन्हा काढले होते. आत येऊन त्यांनी हीट पंपाच्या गरम झोताची दिशा बदलणारी पट्टी जराशी वळवली. ज्योत स्थिरावली.

आई मला म्हणाली, "चहा घेतल्याशिवाय सोडू नकोस हं त्यांना."